नाताळचे झाड एकसंध कसे सजवावे : पहिल्यांदा झाड आणणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पुण्यात वानवडीतील आमच्या घरातला पहिला नाताळ जवळ आला तेव्हा मी २३ डिसेंबरच्या संध्याकाळी कॅम्पात गेले आणि समोर जे जे सुंदर दिसले ते ते घेऊन आले. लाल, निळे, चंदेरी आणि जांभळे बॉल, दोन निरनिराळ्या दुकानांतून घेतलेल्या दिव्यांच्या माळा, जाड चंदेरी झिरमिळ्या, कापसाचा बर्फ आणि एक मोठा लाल तारा. प्रत्येक वस्तू हातात घेतली तर देखणी होती; पण रात्री अकरा वाजता सगळे लावून दिवे सुरू केले तेव्हा झाडाकडे पाहताना नजर कुठेच ठरत नव्हती. एक माळ पिवळसर उजेड देत होती आणि दुसरी निळसर पांढरा, झिरमिळ्यांनी फांद्यांचा हिरवा रंग झाकून टाकला होता, आणि सर्व मोठे बॉल माझ्या हाताला सोयीच्या उंचीवर, म्हणजे झाडाच्या बरोबर मध्यावर, गोळा झाले होते. त्यानंतर दरवर्षी घरचे झाड आणि गेली काही वर्षे आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभागृहातील झाड सजवताना जे हाताखालून गेले, ते येथे क्रमाने मांडत आहे. तुमच्या घरी यंदा पहिल्यांदाच झाड येत असेल, तर खरेदीला बाहेर पडण्यापूर्वी हे वाचावे अशी विनंती आहे, कारण निम्म्याहून अधिक चुका खरेदीतच होतात.

एकसंध याचा अर्थ सगळे एकसारखे असा नाही. दारातून आत येणाऱ्याला आधी झाड दिसावे आणि जवळ गेल्यावर त्यावरच्या वस्तू दिसाव्यात, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : उजेडाची छटा एकच असावी, रंग मोजके असावेत, आणि झाडावर जे काही लावाल ते एकाच जागी न राहता झाडभर पुन्हा पुन्हा दिसावे. पुढच्या सर्व पायऱ्या या तीन गोष्टींसाठीच आहेत.

१. आधी जागा, मग झाड

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. बऱ्याच घरांत त्याच आठवड्यात झाड उभे करतात आणि नवख्या माणसाने तसेच करावे, कारण सजावटीला दोन निवांत संध्याकाळी लागतात आणि २० डिसेंबरनंतर करंज्या, केक आणि कॅरोलच्या फेऱ्या यांतून त्या मिळत नाहीत.

हॉलमध्ये झाडाची जागा ठरवताना दाराशी उभे राहून पाहावे. पाच फुटी कृत्रिम झाडाचा तळाचा घेर अडीच ते तीन फुटांचा असतो, तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तेवढी जागा खरोखर मोकळी आहे का, बाल्कनीचे दार उघडते का, येणाऱ्या-जाणाऱ्याचा खांदा फांद्यांना लागतो का, हे आधी तपासा. जवळ विजेचे बटण हवे. टीव्हीच्या शेजारी झाड ठेवू नये. पडद्याच्या बदलत्या उजेडात झाडाचे दिवे फिके पडतात. उंची ठरवताना ताऱ्याची उंची धरायला लोक विसरतात. तारा लावल्यावर वर किमान एक फूट मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर झाड छताला टेकल्यासारखे दिसते.

कृत्रिम झाड घेताना नुसती उंची न विचारता फांद्यांची टोके किती आहेत तेही विचारा. एकाच उंचीची दोन झाडे किमतीत दुपटीने वेगळी असतात ती याच कारणामुळे. टोके विरळ असली की मधला लोखंडी दांडा दिसतो आणि तो झाकण्यासाठी आपण नकळत जास्त सामान लावत जातो.

पुण्यातील रोपवाटिकांमध्ये ख्रिसमस ट्री या नावाने जे कुंडीतले झाड मिळते, ते बहुधा अरोकेरिया असते. हे मूळचे दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरचे झाड आहे आणि त्याच्या फांद्या मजल्यांसारख्या थरांनी येतात. ते आणणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याच्या फांद्या लवचीक असल्यामुळे जड बॉलने त्या खाली वाकतात, म्हणून त्यावर फक्त हलक्या वस्तू आणि बारीक तारेचे दिवे लावावेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : त्याचा शेंडा मोडला तर झाडाचा तो सरळ, सममित आकार बहुधा परत येत नाही. त्यामुळे शेंड्यावर तारा खोचू नका. मागे एक बारीक काठी रोवून तिला तारा बांधा.

माझ्या आजीच्या घरी, नगरकडच्या खेड्यात, सुरूची एक मोठी फांदी वाळू भरलेल्या बादलीत उभी करत असत. सुरू आजही तितकाच सुंदर दिसतो, पण तो आठवडाभरात सुकतो आणि त्याच्या काड्या घरभर होतात, म्हणून २२ तारखेच्या आधी तो आणू नये.

२. रंग ठरवणे

ही पायरी घरात बसून, कागदावर करायची आहे. दुकानात रंग ठरवायला गेलात तर दुकानच तुमचे रंग ठरवते.

झाडाचा हिरवा रंग हा स्वतःच एक रंग आहे हे प्रथम धरून चाला. त्याच्या जोडीला तीन रंग पुरेत : एक मुख्य, एक सोबतीचा आणि एक अगदी थोडा. प्रमाण साधारण सहा, तीन, एक असे ठेवा. म्हणजे दहा बॉल असतील तर सहा मुख्य रंगाचे, तीन सोबतीच्या रंगाचे आणि एक तिसऱ्या रंगाचा. तिन्ही रंग सारख्याच प्रमाणात घेतले की ते एकमेकांशी भांडतात.

रंगांसाठी आपल्याकडे साड्यांच्या दुकानातली भाषा आहे, तिचा उपयोग करा. नुसते लाल म्हणण्यापेक्षा डाळिंबी, कुंकवासारखा, विटकरी की राणी, असे स्वतःला विचारा. घोळ घालणारे रंग हेच आहेत. डाळिंबी बॉलच्या शेजारी केशरट लाल रिबीन आली की दोन्ही मळकट दिसतात आणि कारण चटकन लक्षात येत नाही. माझ्या अनुभवात न चुकणाऱ्या जोड्या अशा : डाळिंबी, सोनेरी आणि मोतिया; मोरपंखी, तांबूस सोनेरी आणि मोतिया; पांढरा, चंदेरी आणि फिका निळा. आगमनकाळाचा जांभळा आणि नाताळचा पांढरा-सोनेरी हे उपासनेचे रंग घेऊनही फार गंभीर, सुंदर झाड होते. आमच्या सभागृहात एका वर्षी ते केले होते. तिथे जांभळा हा सोबतीचा रंग ठेवला होता, कारण गडद जांभळा हिरव्या फांद्यांत बुडून जातो आणि रात्री तर काळाच दिसतो.

सोनेरी आणि चंदेरी एकत्र चालत नाहीत असे पुष्कळ जण सांगतात. चालतात, मात्र एक स्पष्टपणे जास्त आणि दुसरा स्पष्टपणे कमी असला पाहिजे.

रंग मोजके ठेवले की झाड कंटाळवाणे होईल अशी भीती वाटते. त्यावर उपाय रंग वाढवण्याचा नाही, पोत बदलण्याचा आहे. एकाच डाळिंबी रंगाचे काही बॉल चकचकीत, काही निस्तेज मखमली आणि काही चमकी लावलेले घ्या. चकचकीत बॉल उजेड परत फेकतो, निस्तेज बॉल तो शोषून घेतो, आणि या फरकामुळे एकाच रंगाच्या चार छटा डोळ्यांना दिसतात.

३. घरातले सामान आधी जमिनीवर मांडा

पोटमाळ्यावरची जुनी खोकी, दिवाळीच्या माळा, मुलांनी शाळेत केलेल्या वस्तू, कोणी भेट दिलेल्या घंटा, सगळे एका पांढऱ्या चादरीवर रंगांप्रमाणे मांडा. मांडल्यावर कळते की एखादा रंग तुमच्याकडे आधीच पुष्कळ आहे, आणि तोच मुख्य धरला तर खर्च निम्म्यावर येतो. जे बसत नाही ते टाकू नका. वेगळ्या पिशवीत ठेवा. ते खिडकीला, देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या क्रूसाभोवती किंवा जिन्याच्या कठड्याला लावता येते.

त्यानंतरच खरेदीची यादी करा. भिंतीलगतच्या पाच फुटी झाडासाठी माझी यादी अशी असते :

– एकाच छटेचे सुमारे ४०० दिवे
– ८ सेंटिमीटरचे १२ बॉल, ६ सेंटिमीटरचे २४ आणि ४ सेंटिमीटरचे २४
– अडीच इंच रुंदीची, काठात तार असलेली रिबीन ८ मीटर
– एकाच प्रकारच्या लहान वस्तू (घंटा, घुंगरू, लाकडी फळे) ९ ते १५
– तारा, आणि बुंध्यासाठी टोपली किंवा कापड
– हिरवी बारीक तार, लहान पक्कड, कात्री, हिरवा दोरा
– बटण असलेला एक्स्टेंशन बोर्ड, पक्का स्टूल, सुती हातमोजे

खरेदीसाठी कॅम्पातील महात्मा गांधी रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत डिसेंबरमध्ये सर्वाधिक निवड असते. बॉल, रिबीन आणि बांधणीचे साहित्य डझनाने घ्यायचे असेल तर रविवार पेठेतील बोहरी आळी, दिव्यांसाठी तपकीर गल्ली आणि घुंगरू, मणी, लहान घंटा यांसाठी तुळशीबाग सोयीची पडते. मुख्य रंगाचे सर्व बॉल एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणि शक्यतो एकाच खोक्यातून घ्या. पुढच्या आठवड्यात तोच लाल मिळत नाही. रंग दुकानातील पांढऱ्या ट्यूबखाली न पाहता एक बॉल आणि रिबीन घेऊन दारात, दिवसाच्या उजेडात या आणि दोन्ही शेजारी धरून पाहा. दुकानदार हे आनंदाने करू देतात.

४. फांद्या फुलवणे

कृत्रिम झाड खोक्यातून निघते तेव्हा त्याच्या फांद्या मिटलेल्या छत्रीसारख्या असतात. बहुतेक जण त्या पाच मिनिटांत इकडेतिकडे ओढून पुढच्या कामाला लागतात, आणि नंतर सजावट कितीही केली तरी झाड उघडे दिसत राहते. या एका कामाला पाऊण तास द्या. हातमोजे घाला, कारण टोके बोटांना ओरखडे काढतात.

सर्वांत खालच्या थरापासून सुरुवात करा. एक फांदी हातात घ्या. तिच्या टोकाची काडी सरळ ठेवा, तिच्या लगतची एक काडी किंचित वर उचला, तिसरी डावीकडे, चौथी उजवीकडे, आणि दांड्याजवळच्या दोन काड्या दांड्याकडे, आतल्या बाजूला वळवा. या आतल्या काड्याच मधला लोखंडी दांडा झाकतात. प्रत्येक थर झाला की चार पावले मागे जाऊन पाहा; भिंत आरपार दिसत असेल तिथे शेजारच्या दोन फांद्या जवळ आणा. मागची बाजू भिंतीला असेल तर तिथल्या काही फांद्या बाजूला वळवून पुढचा भाग भरता येतो.

५. दिवे

दिव्यांचा क्रम बॉलच्या आधी येतो. हे सांगण्याची गरज पडू नये असे वाटेल, पण पहिल्या वर्षी मी स्वतः बॉल आधी लावले आणि रात्री दहा वाजता ते सगळे उतरवले.

छटेविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण एकसंधपणा येथेच साधतो किंवा बिघडतो. खोक्यावर वॉर्म व्हाइट लिहिलेले दिवे साधारण २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) असतात आणि त्यांचा उजेड समईच्या जवळचा, पिवळसर असतो. कूल व्हाइट ६००० केल्विनच्या आसपास असतो आणि तो निळसर दिसतो. लाल, सोनेरी, तपकिरी, मोतिया या रंगांना पिवळसर उजेड हवा. निळसर उजेडात सोनेरी हिरवट दिसू लागतो. चंदेरी, निळा आणि शुभ्र पांढरा यांना कूल व्हाइट शोभतो. दोन्ही एका झाडावर आणू नका. दिवाळीच्या रंगीबेरंगी माळा घरात असतातच आणि त्या वापरण्याचा मोह होतो. पण चार रंगांचा उजेड प्रत्येक बॉलचा रंग बदलून टाकतो. त्या बाल्कनीतच राहू द्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वॉर्म व्हाइट माळांतही फरक असतो, म्हणून सगळ्या माळा एकाच बनावटीच्या घ्या आणि दुकानातच शेजारी शेजारी पेटवून पाहा.

संख्येचा प्रचलित हिशोब दर फुटाला १०० दिव्यांचा आहे. भिंतीलगतच्या झाडाला त्यापेक्षा थोडे कमी पुरतात.

माळ लावण्याआधी जमिनीवर पसरून अर्धा तास पेटती ठेवा. नंतर तिचे पिन असलेले टोक झाडाच्या तळाशी ठेवून तिथूनच सुरुवात करा. दुसऱ्या टोकाने सुरुवात केल्यास पिन शेंड्याजवळ येते आणि सगळे उलगडावे लागते. ही चूक फार सर्रास होते. माळ झाडाभोवती दोरी गुंडाळल्यासारखी फिरवू नका. एका फांदीच्या टोकापासून तिच्याखालून दांड्यापर्यंत आत जा, तिथे एक वेढा घ्या, त्याच फांदीच्या वरून परत टोकाशी या आणि मग शेजारच्या फांदीवर जा. आतले दिवे झाडाला खोली देतात. केवळ बाहेरून गुंडाळलेल्या माळेने झाड पुठ्ठ्याच्या शंकूसारखे सपाट दिसते.

सुरक्षिततेबाबत कसलीही तडजोड नको. आयएसआय चिन्ह असलेला एक्स्टेंशन बोर्ड घ्या, खोक्यावर सांगितले आहे त्यापेक्षा जास्त माळा एकमेकींना जोडू नका, वायर कुठे सोललेली असेल तर ती माळ सरळ बाद करा. जुन्या पद्धतीचे तापणारे बारीक बल्ब कृत्रिम झाडावर अजिबात वापरू नका, एलईडीच घ्या. दिव्यांवर कापसाचा बर्फ ठेवू नका. झोपताना आणि बाहेर जाताना बटण बंद करा. उघडझाप करणारी माळ असेल तर तिचा नियंत्रक स्थिर उजेडावर ठेवा, कारण लुकलुकणाऱ्या उजेडात बाकीची सजावट दिसतच नाही.

यापुढचे सर्व काम दिवे चालू ठेवून करायचे आहे.

६. रिबीन

रिबीन झाडाभोवती चक्राकार गुंडाळणे अवघड असते आणि उतारावरून ती घसरते. त्याऐवजी तिचे ६० सेंटिमीटरचे १२ तुकडे करा. प्रत्येक तुकड्याचे एक टोक चिमटीत धरून दांड्याजवळ खोलवर खोचा आणि तिथल्या काडीने त्याला वेढा द्या. मग वीतभर रिबीन बाहेर फुगवटा करून सोडा, पुन्हा खोचा, पुन्हा सोडा. तुकडे वरून खाली थोडे तिरके उतरत जावेत. पाहणाऱ्याला एकच लांब रिबीन झाडातून आतबाहेर वाहत आहे असे वाटते.

तयार रिबिनीऐवजी खणाचे कापड मला अधिक आवडते. लक्ष्मी रस्त्यावर मिळणाऱ्या डाळिंबी किंवा मोरपंखी खणाच्या तीन इंची पट्ट्या कापून, दोन्ही कडांना पिको करून घ्याव्यात आणि पिको होताना एका कडेत बारीक तार घालायला सांगावी. तार घातल्याशिवाय खण लोंबतो आणि फुगवटा धरत नाही. खणावर मुळातच बारीक नक्षी असल्यामुळे अशा वेळी बॉल बिननक्षीचे घ्या.

झिरमिळ्या वापरायच्या असतील तर एकच, बारीक, आणि मुख्य रंगाचीच माळ वापरा. जाड झिरमिळ्या फांद्या झाकतात.

७. बॉल : मोठे आत, लहान टोकाला

सर्वांत मोठे १२ बॉल आधी लावा आणि ते फांदीच्या टोकाला न लावता निम्म्या फांदीवर, थोडे आत लावा. मांडणी नागमोडी ठेवा : खाली डावीकडे एक, त्याच्या थोडा वर उजवीकडे दुसरा, पुन्हा डावीकडे. कोणतेही तीन जवळचे मोठे बॉल मनात जोडले तर त्रिकोण झाला पाहिजे. सरळ ओळ झाली तर मधला हलवा. शेंड्याकडच्या एक फुटात मोठा बॉल येऊ देऊ नका.

मधल्या आकाराचे बॉल मोकळ्या जागांत आणि लहान बॉल टोकांना लावा. चकचकीत बॉल दिव्याच्या अगदी शेजारी आणि निस्तेज बॉल थोडा दूर असावा. तिसऱ्या रंगाचे जे मोजके बॉल आहेत ते सर्वांत शेवटी लावा, म्हणजे ते झाडभर सारखे पसरतात. दोन-तीन ठिकाणी एक मधला आणि दोन लहान बॉल हिरव्या तारेने एकत्र बांधून घड करावा. झाड भरदार दिसते.

बॉलसोबत येणारा दोरा बहुधा फार लांब असतो आणि बॉल खालच्या फांदीवर टेकतो. दोरा काढून टाका, बॉलच्या टोपीतून बोटभर हिरवी तार ओवा, फांदीभोवती दोन वेढे द्या आणि पक्कडीने टोक आत वळवा. असा बांधलेला बॉल लहान मुलाने ओढला तरी निसटत नाही.

८. ज्या वस्तू रंगात बसत नाहीत, पण सोडवत नाहीत

एकसंध झाडासाठी आठवणींच्या वस्तू खोक्यातच ठेवाव्यात, हा सल्ला मला मान्य नाही.

आजीच्या ट्रंकेतून माझ्याकडे काचेचा एक बॉल आला आहे. लिंबाएवढा, चंदेरी, एका बाजूने आतला मुलामा उडून तिथे धुरकट काच दिसते, आणि टोपीची कड गंजली आहे. असे काचेचे बॉल एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाउशा या गावात फुंकून तयार होऊ लागले आणि आतून चंदेरी मुलामा देण्याची पद्धतही तिथे रूढ झाली. त्याआधी झाडाला खरी सफरचंदे टांगत. डाळिंबी-सोनेरी झाडावर हा एकटा चंदेरी बॉल पहिल्या काही वर्षांत चुकून राहिल्यासारखा दिसायचा. मग तुळशीबागेतून जुन्या पैंजणांत असतात तसे काळसर चंदेरी घुंगरू आणून त्यांचे पाच छोटे झुबके झाडभर बांधले. तेव्हापासून तो बॉल घरचा वाटतो. परकी वाटणारी वस्तू काढण्याऐवजी तिच्या रंगाच्या किंवा धातूच्या निदान तीन लहान वस्तू इतरत्र लावाव्यात, एवढीच ती युक्ती आहे.

मुलांनी केलेल्या वस्तूंसाठी वेगळा उपाय आहे. कागदी तारे, आइस्क्रीमच्या काड्यांचे क्रूस, फोटो चिकटवलेले पुठ्ठे यांचे रंग बदलता येत नाहीत, पण त्यांना टांगायचा दोरा बदलता येतो. सगळ्यांना एकाच मोतिया रिबिनीचा, एकाच लांबीचा फास आणि वर लहानशी गाठ करा. दहा भिन्न वस्तू एका माळेतल्या दिसू लागतात. त्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळे नाताळच्या झाडावर फार छान दिसतात, आणि सफरचंदांची ती जुनी रीतही त्यातून राखली जाते. मात्र संपूर्ण संच लावला तर पिवळे केळे आणि हिरवा पेरू रंगसंगती मोडतात. सफरचंद आणि डाळिंब तेवढे निवडा.

९. तारा, बुंधा आणि गव्हाणी

तारा मुख्य किंवा सोबतीच्या रंगाचा, झाडाच्या उंचीच्या सातव्या-आठव्या भागाएवढा असावा. पाच फुटी झाडाला आठ-नऊ इंची तारा पुरतो. आत दिवा असल्यास त्याचीही छटा माळेचीच हवी.

झाडाचे लोखंडी पाय उघडे ठेवू नका. बुरूड आळीतून बांबूची रुंद टोपली आणून तिच्यात पाय बसवले आणि भोवती विटांचे तुकडे ठेवून वर उरलेला खण पसरला, की झाड डळमळतही नाही. गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, झाडाखाली मांडणार असाल तर समोरच्या बाजूच्या खालच्या दोन फांद्या रिकाम्या ठेवा आणि एक-दोन दिवे खाली गव्हाणीत वळवा. आमच्याकडे बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीच्या उपासनेनंतर ठेवली जाते, तोवर ती जागा मोकळी असते.

१०. तपासणी

खोलीतले इतर दिवे बंद करा, दाराशी उभे राहा आणि डोळे किलकिले करून झाडाकडे पाहा. जिथे काळा खड्डा दिसेल तिथे एक चकचकीत बॉल किंवा दिव्याचा एक वेढा हलवा. जिथे गर्दी दिसेल तिथून काढा. नंतर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंग गेले की कोणत्या बाजूला गडद वस्तू साचल्या आहेत ते लगेच उघड होते. बसलेल्या माणसाच्या उंचीवरूनही एकदा पाहा, कारण पाहुणे झाड सोफ्यावर बसूनच पाहतात.

येथे नवीन काही आणण्याची इच्छा होते. आधी पाच वस्तू काढून पाहा आणि एक रात्र जाऊ द्या. सभागृहातल्या झाडावरून दरवर्षी मी अखेरीस दोन मुठी सामान उतरवते.

११. उतरवणे आणि ठेवणे

६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण झाला की झाड उतरवतात. क्रम उलटा : आधी बॉल, मग रिबीन, शेवटी दिवे. दिव्यांची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि पिनचे टोक बाहेर ठेवा. बॉल अंड्यांच्या ट्रेमध्ये राहतात. काचेचे बॉल जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात एकेक गुंडाळावेत. पुण्याच्या पावसाळ्यात पोटमाळ्यावर दमट हवा साचते, त्यामुळे बांधणीची तार आणि बॉलच्या टोप्या गंजतात आणि चमकी चिकट होते, म्हणून डबा हवाबंद घ्या आणि बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून त्यात टाका. झाड खोक्यात परत बसत नसेल तर जुन्या साडीने खालून वर घट्ट गुंडाळून उभे ठेवा.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि त्यावर लिहा : मुख्य रंगाचे नाव, रिबिनीचा एक छोटा तुकडा टाचून, दिव्यांची छटा आणि बनावट, कोणते बॉल किती उरले, किती फुटले. पुढच्या नोव्हेंबरात बाजारात जाताना त्या कागदाचा फोटो बरोबर ठेवा.